सरळ अंतर काढायला पायथागोरस: कुठे चालतो, कुठे गंडतो?

सरळरेष (धागाकर्ता)

शाळेत पायथागोरस सगळ्यांनी घोकलेला असतो, कर्णाचा वर्ग म्हणजे उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, आणि पेपर झाला की डोक्यातून गायब. मला तो त्रिकोणाच्या गणितापेक्षा अंतर मोजायचं साधन म्हणून जास्त आवडतो, म्हणून हा धागा काढतोय.

मुद्दा साधा आहे. दोन ठिकाणांच्या मधे थेट टेप लावता येत नाही, मधे इमारत आहे, तळं आहे, काहीही आहे, पण एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला पूर्वेला किती आणि उत्तरेला किती जायचं हे माहितीये. समजा पूर्वेला ६० मीटर आणि मग उत्तरेला ८०. चालत गेलात तर १४० मीटर पडले, पण सरळ अंतर १००, कारण ३६०० आणि ६४०० मिळून १०,००० आणि त्याचं वर्गमूळ १००. आलेखावरही हेच. (३, ७) आणि (१५, २) हे दोन बिंदू घ्या, आडवा फरक १२, उभा फरक ५, अंतर १३. निर्देशक भूमितीत अंतराचं सूत्र म्हणून जे वेगळं पाठ करायला लावतात ते वेगळं काहीच नाही, पायथागोरसच आहे, फक्त बाजू काढायला आधी वजाबाकी करायची.

वजाबाकी कुठल्या बाजूने करायची यावर मुलं उगाच वेळ घालवतात. कशीही करा, उणे आलं तरी वर्ग केल्यावर अधिकच होणार. फक्त कॅल्क्युलेटरवर उणे ५ चा वर्ग कंस न टाकता मारू नका, बरेच कॅल्क्युलेटर आधी ५ चा वर्ग करतात आणि मग उणे लावतात, मग १४४ मधून २५ वजा होऊन १०.९ असलं काहीतरी उत्तर येतं. आणि दुसरी हमखास चूक म्हणजे मूळ आत घुसवणं, १४४ अधिक २५ चं मूळ म्हणजे १२ अधिक ५ म्हणायचं. तसं असतं तर सरळ गेल्याचा काही फायदाच उरला नसता ना!

आता ज्यासाठी धागा काढला ते. वरच्या उदाहरणात मी एकदम ६० आणि मग ८० न जाता थोडं पूर्वेला थोडं उत्तरेला असं पायऱ्यापायऱ्यांनी गेलो तर? पायऱ्या लहान लहान करत नेल्या तर वाट त्या तिरप्या रेषेला चिकटतेच की, मग १४० चे १०० कधी होतात? आणि दुसरं म्हणजे अक्षांश-रेखांशांची वजाबाकी करून असंच अंतर काढता येतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खट्याळ_खार

पायऱ्यांच्या प्रश्नाने माझी झोप उडणार आहे. जागा पकडून ठेवतेय, वाचतेय.

शून्यबिंदू

१४० चे १०० कधीच होत नाहीत.

एक पायरी असो नाहीतर दहा लाख, सगळे आडवे तुकडे एकापुढे एक ठेवले की ६० च भरणार आणि उभे तुकडे ८० च भरणार. म्हणजे दर वेळी १४०. पायऱ्या बारीक केल्या की वाट रेषेच्या *जवळ* येते हे खरं, पण तिची *दिशा* कधीच रेषेसारखी होत नाही, तिचा प्रत्येक तुकडा एकतर आडवा नाहीतर उभा. लांबी दिशेवर ठरते, जवळपणावर नाही. नुसतं जवळ येऊन लांबी सारखी व्हायची असती तर एखाद्या रेषेला चिकटून नागमोडी रेघ काढून तिची लांबी पाहिजे तेवढी वाढवता आली असती, आणि ती येतेच वाढवता, म्हणूनच जवळपणाच्या भरवशावर लांबी काढायची नाही.

बाय द वे हे जे १४० आहे तेही एक रीतसर अंतरच आहे, त्याला टॅक्सीकॅब अंतर म्हणतात, चौकटीतल्या रस्त्यांवर गाडीला खरंच तेवढंच जावं लागतं. गणितज्ञ हर्मन मिन्कोव्स्कीने अशा वेगवेगळ्या अंतरांचा अभ्यास केला होता. सरळ अंतर जास्तीत जास्त किती वाचवतं हेही बघा, दोन्ही बाजू सारख्या असतील तेव्हा वाचवणूक सगळ्यात जास्त, १०० आणि १०० च्या जागी १४१, म्हणजे २९ टक्के. त्याच्या वर कधीच नाही.

ओळंबा

आम्ही बांधकामवाले हे उलटं वापरतो. कर्ण काढत नाही, कर्ण मोजतो आणि कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते ठरवतो. कोपऱ्यापासून एका भिंतीच्या रेषेवर ३ मीटरला खूण, दुसरीवर ४ ला, दोन खुणांमधे टेप ताणून धरायचा, ५ भरले की काटकोन. जागा असेल तर ६-८-१० घ्यावं, त्रिकोण जेवढा मोठा तेवढी खुणेतली मिलिमीटरभर चूक कमी भोवते.

लोक म्हणतात दोन सेंटिमीटरने काय होतंय. तर ३ आणि ४ ला खुणा करून कर्ण ५ च्या जागी ५.०२ आला तर कोपरा ९०.५ अंशाच्या आसपास गेला, आणि त्या रेषेत १० मीटर भिंत नेली की टोकाला ती ८ सेंटिमीटर सरकलेली असते. मग फरशी बसवणारा शेवटच्या ओळीत तिरके तुकडे कापत बसतो आणि शिव्या आम्हाला घालतो.

अजून एक, दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे खोली काटकोनी झाली असं धरून चालू नका. आधी समोरासमोरच्या भिंती सारख्या आहेत का ते मोजायचं. एका बाजूला निमुळती होत गेलेली खोलीही दोन्ही कर्ण सारखे दाखवू शकते.

सरळरेष (धागाकर्ता)

@शून्यबिंदू, दिशेचा मुद्दा एकदम पटला, धन्यवाद.
@ओळंबा, भारी. पुस्तकात याला प्रमेयाचा व्यत्यास म्हणतात, आणि तिथे तो अर्ध्या पानात उरकलेला असतो. निमुळत्या खोलीचं डोक्यात आलं नव्हतं.

अक्षांश-रेखांशांचं कोणी सांगेल का?

निशाचर

मी सांगतो. थेट नाही चालत, पण थोडी डागडुजी केली तर छान चालतं.

पायथागोरसला दोन गोष्टी लागतात, दोन बाजूंत खरा काटकोन आणि दोन्ही बाजूंचं माप एकाच एककात. अक्षांश-रेखांशांत काटकोन असतो, पण एकक फसवं आहे. अक्षांशाचा एक अंश कुठेही साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश मात्र विषुववृत्तावर १११ आणि जसजसं ध्रुवाकडे जाल तसतसा आक्रसत जातो, ध्रुवावर शून्य, कारण सगळे रेखांश तिथे एकत्र येतात. ६० अंश अक्षांशावर तो बरोबर अर्धा होतो.

आता गंमत बघा. दोन ठिकाणांत अक्षांशाचा फरक ०.३ अंश, रेखांशाचा ०.४ अंश. ३-४-५ दिसतंय म्हणून कोणीही पटकन ०.५ अंश म्हणेल आणि १११ ने गुणून ५५.५ किलोमीटर लिहून मोकळा होईल. विषुववृत्तावर हे बरोबर आहे. पण ६० अंशाच्या आसपास तेच फरक म्हणजे उत्तर-दक्षिण ३३.३ आणि पूर्व-पश्चिम फक्त २२.२ किलोमीटर, सरळ अंतर ४०. दोन्हीकडे आकडे तेच, अंतरात पंधरा किलोमीटरचा फरक!

म्हणून रेखांशाच्या फरकाला आधी त्या जागेच्या अक्षांशाच्या कोसाइनने (कॅल्क्युलेटरवरचं cos) गुणायचं, दोन्ही १११ ने गुणून किलोमीटर करायचे आणि मगच वर्ग. दोन ठिकाणांचे अक्षांश वेगळे असतील तर मधला अक्षांश घ्या. काही दहा किलोमीटरपर्यंत हे रोजच्या कामाला पुरतं. लांबच्या अंतराला किंवा ध्रुवाजवळ हे सोडून द्या आणि हॅव्हरसाइनचं सूत्र वापरा, ते गोलावरचं अंतर काढतं.

वाटसरू

पण मग "सरळ" म्हणजे नक्की काय? गोलावरचं अंतर तर वाकडं आहे. खरं सरळ जायचं तर जमिनीतून बोगदा काढावा लागेल.

निशाचर

@वाटसरू, प्रश्न वाटतो तेवढा चावट नाहीये. बोगद्याचं अंतरही पायथागोरसनेच निघतं, पृथ्वीच्या केंद्रापासून तीन दिशांना तीन निर्देशक घ्यायचे आणि तिन्ही फरकांचे वर्ग मिळवायचे. जीपीएसमधे रिसीव्हर नेमकं हेच अंतर धरतो, उपग्रह २०,००० किलोमीटरहून जास्त उंचीवर असतात आणि तिथून रिसीव्हरपर्यंतचं सरळ अंतर तीन वर्गांच्या बेरजेचं मूळ.

बोगदा आणि जमिनीवरची वाट यांत फरक किती पडतो तर ४० किलोमीटरला ७ सेंटिमीटरसुद्धा नाही. १००० किलोमीटरला मात्र साधारण १ किलोमीटर. आणि पृथ्वीच्या बरोबर पलीकडच्या टोकाला जायचं तर जमिनीवरून २०,०१५ आणि बोगद्यातून १२,७४२. अंतर दुप्पट केलं की तफावत आठपट होते, म्हणून लहान अंतरात ती दिसतच नाही आणि नंतर एकदम अंगावर येते.

खट्याळ_खार

घाटरस्त्यांचं काय मग? नकाशावर मोजलं तर सपाट अंतर येतं ना, चढ धरला तर अंतर बरंच वाढत असणार.

गुणाकार

@खट्याळ_खार ताई, इथेच सगळे फसतात. दहा टक्के चढ म्हणजे गाडीला चांगलाच चढ, हजार मीटर आडवं गेलं की शंभर मीटर वर. कर्ण किती? १००४.९९. म्हणजे अख्ख्या किलोमीटरला फक्त ५ मीटर जास्त! घाटात अंतर वाढतं ते वळणांमुळे, चढामुळे जवळपास काहीच नाही. नुसत्या चढाने अंतर ४१ टक्के वाढायला ४५ अंशाची भिंतच चढावी लागेल.

तोंडी हिशोबाची युक्ती सांगतो, एक बाजू दुसरीपेक्षा बरीच लहान असेल तर लहान बाजूचा वर्ग घ्यायचा, मोठीच्या दुपटीने भागायचं आणि मोठीत मिळवायचं. वरच्या गणितात १०,००० भागिले २००० म्हणजे ५. झालं. ही युक्ती १०० आणि १० ला १००.५ देते, खरं उत्तर १००.४९९, कोणाला पाहिजे याहून बारीक?

पण हीच गोष्ट उलट्या बाजूने बघितली की डोकं चक्रावतं. १०० मीटर अंतरावर दोन खुंट्या, त्यांच्यात १०१ मीटरची दोरी बांधली, म्हणजे फक्त १ मीटर जास्त, आणि बरोबर मधे धरून वर उचलली. किती वर येईल? बहुतेक जण गुडघ्याएवढं, फार तर कमरेएवढं म्हणतात. अर्धी दोरी ५०.५, अर्धं अंतर ५०, वर्गांची वजाबाकी ५०.२५, मूळ ७.०९. सात मीटर! दुमजली घर खालून जाईल.

उंचीमुळे कर्ण जेमतेम वाढतो, म्हणूनच कर्ण जरासा वाढवला की उंची भसकन वाढते. एकाच समीकरणाच्या दोन बाजू आहेत.

खट्याळ_खार

सात मीटर!!! दोनदा कॅल्क्युलेटरवर केलं. 🙏

खलाशी

गुणाकाररावांच्या दोरीचाच भाऊ म्हणजे क्षितिज. समुद्रकाठी उभं राहून किती लांबवर दिसतं? तुमचे डोळे, क्षितिजाचा बिंदू आणि पृथ्वीचं केंद्र यांचा काटकोन त्रिकोण होतो, काटकोन क्षितिजाच्या बिंदूपाशी, कारण नजरेची रेषा तिथे पृथ्वीला नुसती स्पर्श करून जाते. कर्ण म्हणजे त्रिज्या अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, एक बाजू त्रिज्या, उरलेली बाजू म्हणजे क्षितिजाचं सरळ अंतर. त्रिज्या ६३७१ किलोमीटर आणि डोळे १.७ मीटरवर धरले तर येतं साधारण ४.६५ किलोमीटर. एवढंच! १०० मीटर उंच दीपस्तंभावर चढलात तर ३५.७. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमूळाला ३.५७ ने गुणलं की किलोमीटर मिळतात, एवढं लक्षात ठेवलं तरी बास. हवेतून प्रकाश थोडा खाली वाकतो त्यामुळे प्रत्यक्षात याहून जरा लांबचं दिसतं.

यातली गोम अशी की दुप्पट लांब बघायला चौपट उंच जावं लागतं.

इतिहासवेडा

सगळे पायथागोरस पायथागोरस करताय पण बौधायनाचं नाव एकानेही घेतलं नाही. आपल्याकडे हे आधीपासून माहीत होतं.

तर्कट

आला रे आला. आता धागा दोनशे प्रतिसादांवर जाणार.

शून्यबिंदू

जाऊ नये म्हणून जे नक्की आहे तेवढं सांगतो. बौधायन शुल्बसूत्रात (दोरीने यज्ञवेदी आखायच्या नियमांचा जुना ग्रंथ) आयताच्या कर्णावरची दोरी जेवढं क्षेत्र करते तेवढं त्याच्या दोन बाजू मिळून करतात असं स्वच्छ लिहिलंय. चौरसाच्या कर्णासाठी कृतीही दिलीये, बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग काढून टाका. करून बघा, १.४१४२१५७ येतं, खरं २ चं वर्गमूळ १.४१४२१३६. पाच दशांशांपर्यंत बरोबर, दोरीने आखणी करणाऱ्याला याहून जास्त कशाला लागणार.

पण त्याच्याही बऱ्याच आधी, इ.स.पू. १८०० च्या सुमाराला, बाबिलोनी मातीच्या पाट्यांवर ३-४-५ सारख्या तीन-तीन आकड्यांची त्रिकुटं आहेत, प्लिम्प्टन ३२२ नावाची पाटी प्रसिद्ध आहे. आणि रीतसर सिद्धता युक्लिडच्या एलिमेंट्समधे, पहिल्या भागातली ४७ वी. ज्याने त्याने आपापल्या कामासाठी शोधलं असावं असं मला वाटतं. "पहिलं कोण" ही शर्यत मला तरी कंटाळवाणी वाटते.

इतिहासवेडा

मान्य. पण मग लीलावतीतला वेळू तरी सांगू द्या, तो थेट विषयाला धरून आहे. भास्कराचार्य, इ.स. ११५०. ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडला आणि शेंडा बुडापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर किती उंचीवर मोडला? इथे कर्णही माहीत नाही आणि उभी बाजूही माहीत नाही, फक्त दोघांची बेरीज ३२ माहितीये. १६ च्या वर्गाला ३२ ने भागलं की ८ मिळतात, तो कर्ण आणि उभी बाजू यांच्यातला फरक, कारण त्या दोघांच्या वर्गांतली वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले फरक. बेरीज ३२, फरक ८, म्हणजे उभी बाजू १२ आणि कर्ण २०. असाच मोडक्या बांबूचा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीच्या चिनी गणितग्रंथातही आहे, तिथे उंची १० आणि अंतर ३, उत्तर ४.५५.

तर्कट

हे आवडलं. म्हणजे वर्गमूळ न काढताच सुटलं की!

कोडगा

वर्गमूळावरून आठवलं, आम्ही प्रोग्रामवाले ते शक्यतो टाळतोच. गेममधे दोन गोल एकमेकांवर आदळले का बघायचं तर अंतर कशाला काढायचं, अंतराचा वर्ग आणि त्रिज्यांच्या बेरजेचा वर्ग यांची तुलना केली की काम झालं. हजार बिंदूंतून सगळ्यात जवळचा शोधतानाही तेच, ज्याचा वर्ग लहान त्याचं अंतर लहान, मूळ काढायचंच तर शेवटी एकदा. फक्त एक गोष्ट, वर्गांची *तुलना* चालते, वर्गांची *बेरीज करून सरासरी अंतर* म्हणून खपवता येत नाही, हे नवीन पोरं सर्रास करतात.

आणि वर्ग मोठे होतात हे विसरू नका. ३२ बिटच्या पूर्णांकात ४६,३४१ चा वर्ग मावत नाही, तो आकडा गुपचूप उणे होऊ शकतो, आणि उण्याचं मूळ काढायला गेलात की प्रोग्राम बोंबलतो. म्हणून बऱ्याच भाषांत हायपॉट नावाचं तयार फंक्शन असतं, ते दशांश अपूर्णांकांत काम करतं आणि वर्ग हाताबाहेर जाऊ देत नाही.

कागद-पेन नसेल तर मी मोठी बाजू अधिक लहानीची अर्धी असं धरतो. उत्तर खऱ्यापेक्षा कधीच कमी येत नाही आणि जास्तीत जास्त १२ टक्के जास्त येतं.

ओळंबा

@कोडगा, ही अर्धीवाली युक्ती मजुराला सांगायला बेस्ट, केबल किती आणायची याचा अंदाज कमी पडून चालत नाही, जास्त झाली तर हरकत नाही.

वाटसरू

आता एक कोडं टाकतो. खोली ३० फूट लांब, १२ फूट रुंद, १२ फूट उंच. एका टोकाच्या लहान भिंतीवर मधोमध, छतापासून १ फूट खाली कोळी बसलाय. समोरच्या टोकाच्या भिंतीवर मधोमध, जमिनीपासून १ फूट वर माशी. कोळ्याला उडता येत नाही, भिंती-छत-जमीन यांवरूनच चालायचं. सगळ्यात जवळची वाट किती? कोडीकार हेन्री ड्यूडनीचं १९०३ मधलं कोडं आहे, गुगल करू नका.

खट्याळ_खार

छतावर जायला १, छत ३०, मग समोरच्या भिंतीवरून खाली ११. एकूण ४२. यात काय कोडं?

गुणाकार

४२ पेक्षा कमी येणार, नाहीतर कोणी विचारलंच नसतं. खोली पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी उलगडायची आणि कागदावर सरळ रेघ मारायची. छत आणि एक बाजूची भिंत घेऊन उलगडलं तर मला आडवं ३७ आणि उभं १७ मिळतंय, १३६९ अधिक २८९ म्हणजे १६५८, मूळ ४०.७.

शून्यबिंदू

अजून एकदा वेगळं उलगडा. कोळ्याची भिंत छताला जोडलेली ठेवा, छताला बाजूची भिंत, तिला जमीन, आणि जमिनीला माशीची भिंत. आता लांबीच्या दिशेला १ + ३० + १ म्हणजे ३२, आणि आडव्या दिशेला छताचे ६, भिंतीचे १२, जमिनीचे ६, म्हणजे २४. १०२४ अधिक ५७६ बरोबर १६००. उत्तर ४०.

खट्याळ_खार

म्हणजे कोळी खोलीच्या सहापैकी पाच बाजूंवरून चालला आणि तरी वाट सगळ्यात कमी? कागद कापून बघितल्याशिवाय मी मानणार नाही.

वाटसरू

कापून बघाच. फक्त चिकटवताना छत आणि बाजूची भिंत त्यांच्या ३० फुटी कडेने जोडा, १२ फुटी कडेने जोडलंत तर उलगडा चुकेल.